शुभ्रतेचा हिशेब

घोडबंदर रोडच्या दुतर्फा वसाहती उभ्या राहिल्या, आणि मस्जिद बंदर, भुलेश्वर, काळबादेवीच्या पेढ्यांशी नाते असलेली अनेक जैन कुटुंबे माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या इमारतींत येऊन स्थिरावली. त्यांच्या सामानात बहुधा दोन गोष्टी होत्याच. एक म्हणजे लग्न, वर्षीतपाचे पारणे, पालिताण्याची यात्रा अशा प्रसंगांचे जाडजूड अल्बम. आणि दुसरी, ते ज्याने काढले तो रोलचा कॅमेरा. तो कॅमेरा आता कपाटात विसावला आहे. मात्र तो चालवणारे काका, मामा, थोरले बंधू अजून उत्साही आहेत. मुलांनी त्यांच्या हाती डिजिटल कॅमेरा दिला आहे आणि घरच्या धर्मप्रसंगांची छायाचित्रे काढण्याचा मान अजूनही त्यांचाच आहे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

या कामात जबाबदारी किती, हे ज्यांच्या घरी दीक्षा झाली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सकाळी दीक्षार्थी भरजरी लाल वस्त्रांत, अलंकारांत असतो. गुरुमहाराज त्याच्या हाती ओघा देतात आणि तो आनंदाने नाचतो. मग तो आत जातो, अलंकार उतरतात, केश जातात, आणि थोड्याच वेळात पूर्ण श्वेत वस्त्रांत तोच चेहरा नव्या नावाने समोर येतो. आईच्या हाती उरते ते संसारी रूपाचे शेवटचे आणि संयमी रूपाचे पहिले छायाचित्र. लाल जरीचे चित्र उत्तम यावे आणि श्वेत वस्त्रांच्या चित्रात घडी, काठ, खांद्यावरची कामळी यांतले काहीच न दिसता नुसता पांढरा पट्टा उमटावा, असे अलीकडे अनेक अल्बमांत दिसते. कॅमेरा महागडा असला तरी असे होते, कारण रोलवर तयार झालेला हात नव्या यंत्रावर जुन्याच सवयीने चालतो.

ती सवय काय होती ते पाहू. रोलच्या काळी शंका आली की प्रकाश थोडा जास्त द्यायचा, असा शहाण्या छायाचित्रकारांचा रिवाज होता. पुष्कळजण ४०० एएसएचा रोल घालून मीटर मुद्दाम २०० वर ठेवत. यामागे अनुभव होता. रंगीत निगेटिव्हवर दोन स्टॉप जास्त प्रकाश पडला तरी ती सहन करी. निगेटिव्ह जरा गडद होई, आणि लॅबमधला माणूस प्रिंट काढताना ती कसर भरून काढी. आपल्या हातून किती कमी-जास्त झाले होते हे ग्राहकाला कळतही नसे. उलट प्रकाश कमी पडला तर निगेटिव्हच्या त्या भागात काही उमटतच नसे, आणि जे उमटले नाही ते कोणतीही लॅब आणू शकत नसे. म्हणून सावलीला जपा, उजेडाचे पुढे बघू, हा नियम पक्का झाला.

डिजिटल कॅमेऱ्यात हा हिशेब उलटा होतो. फिल्मच्या जागी आता सेन्सर आहे आणि त्यावर लक्षावधी सूक्ष्म कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार साठतो. धान्याचे मापटे डोळ्यांसमोर आणावे. मापटे काठोकाठ भरले की पुढचे धान्य खाली सांडते आणि सांडलेल्याची नोंद मापात राहत नाही. सेन्सरचा कप्पा भरला की पुढचा सारा प्रकाश तसाच वाया जातो. नेहमीच्या जेपीईजी चित्रात प्रत्येक रंगाला ० ते २५५ असे आकडे असतात. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही २५५ वर पोचले की तेथे कोरा पांढरा राहतो. वस्त्राची घडी असो की संगमरवराची शिर, त्या जागी माहितीच नसल्यामुळे संगणकावर कितीही खटपट केली तरी ती परत येत नाही. फिल्म मात्र प्रखर उजेडात हळूहळू मंदावत जाई, एकदम हात वर करीत नसे. सावलीच्या बाजूला मात्र डिजिटल उदार आहे. अंधारलेला भाग मागाहून पुष्कळ उजळता येतो. थोडी रवाळ खरखर दिसते, तेवढीच. थोडक्यात, पूर्वी सावली जपली, आता शुभ्र भाग जपावा लागतो. ज्यांनी त्या काळी स्लाइडचे रोल वापरले त्यांना हे नवे नाही, कारण स्लाइडही जास्त प्रकाशाला क्षमा करीत नसे. पण स्लाइड महाग, प्रोजेक्टरची कटकट वेगळी. घरगुती प्रसंगांना निगेटिव्हच चाले.

आपल्या समाजाला ही गोष्ट इतरांपेक्षा अधिक महत्त्वाची आहे, कारण आपल्या बहुतेक पवित्र वस्तू शुभ्र आहेत. साधू-साध्वींची वस्त्रे, मुहपत्ती, जिनप्रतिमांचा संगमरवर, आयंबिलच्या भाताची वाटी, अक्षतांचा स्वस्तिक, हे सारे पांढरे.

येथे एक गुंता आहे आणि तो नीट उलगडल्याशिवाय पुढे जाऊ नये. कॅमेऱ्यातला मीटर समोरचा पदार्थ ओळखत नाही. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून तो प्रकाश ठरवतो. त्यामुळे चौकटभर संगमरवर असला तर तो करडा, मळकट येतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची खूण एक ते दीड स्टॉप अधिककडे न्यावी लागते. पण तीच शुभ्रता चौकटीत थोडी आणि भोवती अंधार जास्त असेल, उदाहरणार्थ मंद उजेडाच्या सभागृहात दूर पाटावर बसलेल्या साध्वीजी, तर मीटर अंधाराला करडे करण्याच्या नादात भरमसाट प्रकाश देतो आणि वस्त्रे जळतात. तेथे खूण एक स्टॉप किंवा त्याहून अधिक उणेकडे न्यावी लागते. पांढऱ्याला जास्त प्रकाश द्या, असा एक सल्ला ऐकायला मिळतो आणि पांढऱ्याला कमी द्या, असा दुसरा. दोन्ही खरे आहेत. चौकटीत पांढरे किती आहे, यावर कोणता लागू हे ठरते.

हे वाचून पाठ होत नाही, हाताला बसवावे लागते. आणि त्याचा सराव करायला घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना कोठे दूर जावे लागत नाही. अरबांशी चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून या बंदराला नाव पडले असे सांगतात. त्या रस्त्याच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. आज मेट्रोचे खांब, काचेचे मनोरे आणि वाहनांची कोंडी यांनी तो प्रसिद्ध आहे, तरी छायाचित्राचे तिन्ही धडे तेथेच मिळतात.

पहिला धडा ओवळ्याला. तेथील ओवळेकर वाडीत राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या जमिनीवर फुलपाखरांच्या आवडीच्या वनस्पती लावून बाग उभी केली आहे. पावसाळ्यानंतरच्या सकाळी तेथे कॅमेरे घेऊन येणारे पुष्कळ असतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली जाहीर झालेले नीलवंत या डोंगररांगेत आढळते. त्याचे पंख मखमली काळे, मागच्या पंखांवर फिकट निळे ठिपके. चौकट काळ्या पंखांनी भरली की मीटर त्यांना करडे करायला धावतो, आणि ठिपक्यांचा निळा रंग उडून पांढरट होतो. एक स्टॉप उणे केले की काळा काळा राहतो आणि निळा निळा. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवावे, कारण हे फुलपाखरू फुलावर बसले तरी पंख हलवीत राहते.

दुसरा धडा गायमुखला, खाडीच्या काठी. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या काळपट हिरव्या गर्दीसमोर पांढरा बगळा उभा असतो. अंधाऱ्या सभागृहातील श्वेत वस्त्रांची ही हुबेहूब तालीम आहे. प्रथम कॅमेरा जसे सांगेल तसे चित्र घ्यावे आणि बगळ्याच्या अंगावर पिसे दिसतात का ते मोठे करून पाहावे. बहुधा दिसणार नाहीत. मग एक-एक तृतीयांश स्टॉप उणे करीत जावे. पिसांच्या रेषा उमटू लागल्या की तेथे थांबावे. दहा मिनिटांत जे शिकायला मिळते ते पुस्तकाच्या दहा पानांतही मिळत नाही. शिवाय रोलच्या काळी या दहा मिनिटांचे अर्धे रीळ खर्ची पडले असते आणि निकाल चार दिवसांनी हाती आला असता.

तिसरा धडा कोणत्याही संगमरवरी देरासराच्या बाहेरच्या पायऱ्यांवर, उन्हात. ठाण्यात टेंभी नाक्यावरचे श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय, म्हणजे आपले कोकण शत्रुंजय, सर्वांना परिचित आहेच. आत छायाचित्रणास मनाई असेल तर कॅमेरा बाहेरच राहावा, हे सांगणे नको. बाहेरच्या पायऱ्या मात्र पुरेशा आहेत. येथे चौकटभर पांढरे असल्याने अधिककडे जावे लागते, आणि किती जावे हे हिस्टोग्राम सांगतो.

हिस्टोग्राम हा शब्द ऐकून ज्येष्ठ मंडळी बिचकतात. व्यापाऱ्याला तो सर्वांत सोपा जावा. डावीकडे काळ्याचे खाते, उजवीकडे पांढऱ्याचे, मध्ये करड्याच्या साऱ्या पायऱ्या, आणि ज्या पायरीवर जितके बिंदू तितकी तेथे उंची. आलेखाची टेकडी उजव्या भिंतीच्या जवळ यावी, पण भिंतीला चिकटून उभी राहू नये, इतकेच पाहायचे. बगळ्यासारख्या लहान पांढऱ्या भागाची टेकडी फार लुटुपुटूची असते, नजरेतून सुटते. त्यासाठी कॅमेऱ्यात जळालेला भाग लुकलुकता दाखवण्याची सोय असते, ती सुरू ठेवावी. मागच्या पडद्यावर चित्र कसे दिसते त्यावर मात्र विसंबू नये. उन्हात तोच पडदा अंधारा वाटतो, रात्री तोच झगझगीत.

आता दीक्षेच्या मंडपाकडे वळू, कारण तेथे रोलचा अनुभव कामी येतो. लाल जरी जाऊन श्वेत वस्त्र आले तरी मंडपातला उजेड तोच असतो. मीटर वस्त्राकडे पाहून मत बदलतो, म्हणून त्याला विचारूच नये. प्रसंगाआधी अर्धा तास दीक्षार्थी जेथे उभा राहणार त्या जागी कोणालातरी स्वच्छ पांढरा रुमाल घेऊन उभे करावे. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून छिद्र, शटर आणि आयएसओ असे जुळवावे की रुमालाचे विणकाम दिसेल आणि टेकडी उजव्या भिंतीपासून जरा अलीकडे थांबेल. मग त्या तीन आकड्यांना प्रसंग संपेपर्यंत, उजेड बदलत नाही तोवर, हात लावू नये. लाल वस्त्र आपोआप लाल येईल, श्वेत आपोआप श्वेत. रोलच्या खोक्याच्या आत छापलेला तक्ता आठवतो ना? लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर एएसएइतके, ढगाळ असेल तर एफ/८. तो तक्ताही हेच सांगत होता, की प्रकाश मोजा, वस्तू नव्हे. तो आजही तितकाच लागू आहे. ज्यांनी पूर्वी मीटर नसलेला कॅमेरा चालवला, त्यांना मॅन्युअलची भीती वाटण्याचे काही कारणच नाही. त्यांची नातवंडे मात्र त्याला घाबरतात.

मंडपात ट्यूबलाइट किंवा साधे एलईडी दिवे असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण शटर फार वेगवान ठेवले की चित्रात आडवे काळसर पट्टे येतात किंवा एक चित्र उजळ व दुसरे मंद येते.

तीन आकड्यांपैकी खरी नवी देणगी आयएसओची. रोलमध्ये एएसए एकदा घातला की ३६ चित्रे संपेपर्यंत तोच. बाहेर वरघोडा उन्हात आणि आत उपाश्रयात अंधुक उजेड, अशा वेळी दोन कॅमेरे बाळगणारे छायाचित्रकार आपण पाहिले आहेत, आणि ज्यांच्याकडे एकच होता ते फ्लॅश वापरत. आता प्रत्येक चित्राला आयएसओ वेगळा ठेवता येतो. २००७ साली आलेल्या निकॉन डी३ या कॅमेऱ्याने ६४०० आयएसओवरही वापरण्याजोगे चित्र दिले तेव्हा व्यावसायिक मंडळी थक्क झाली होती. आज मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यातही ३२०० ला बिचकण्याचे कारण नाही.

याचे महत्त्व आपल्याला वेगळ्या कारणाने आहे. विजेच्या प्रकाशात तेउकायाच्या जीवांची विराधना मानून अनेक समुदायांचे साधू-साध्वी तो अंगावर पडू देत नाहीत. अशा महाराजसाहेबांसमोर फ्लॅश उडवणे ही त्यांच्या आचाराला दिलेली बाधा आहे. पूर्वी श्रावकापुढे पेच असे: चित्र सोडावे की मर्यादा सोडावी? तो पेच आता पुष्कळ हलका झाला आहे. दिवसा, खिडकीच्या उजेडात, एफ/२.८ किंवा एफ/४, शटर १/१००, आयएसओ १६०० ते ३२००, एवढ्यात फ्लॅशविना स्वच्छ चित्र येते. खिडकीकडच्या बाजूचा खांदा जळणार नाही इतके पाहावे. मात्र कॅमेराही विजेवरच चालतो, आणि छायाचित्र काढू द्यावे की नाही याबाबत प्रत्येक समुदायाची मर्यादा वेगळी आहे. म्हणून आधी विचारावे, आणि नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवून वंदन करावे. आयएसओ वाढवता येतो म्हणून परवानगी मिळाली असे होत नाही.

फ्लॅशहून खोल असा आणखी एक विषय आहे. चांदीच्या वरखाबद्दल आपल्या समाजात किती चर्चा झाली, ती सर्वांना आठवत असेल. औषधाची कॅप्सूल, मुलांची जेली, यांच्या वेष्टनावर जिलेटिन शोधण्याची सवय आपल्या घरांना आहे. पण त्याच घरांतून वर्षानुवर्षे रोल वापरले गेले, आणि रोल म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचे थर. हे जिलेटिन गुरांच्या हाडांपासून व कातड्यापासून, काही वेळा डुकराच्या कातडीपासून काढले जाते. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने चांदीच्या क्षारासाठी जिलेटिनचा थर सुचवला, आणि तेव्हापासून छायाचित्रण त्यावर उभे राहिले. पुढे १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवले, की फिल्मची प्रकाशाची जाण बरीचशी जिलेटिनमधील गंधकयुक्त अंशामुळे येते. तो अंश जनावरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतून आलेला असतो! म्हणजे गुरांनी काय खाल्ले यावर रोलचा वेग ठरत असे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा देशी ‘इंदू’ असो वा परदेशी रोल, या बाबतीत फरक नव्हता. जिलेटिनला तोडीस तोड असा पर्याय फिल्म उद्योगाला शेवटपर्यंत सापडला नाही. ज्यांनी तेव्हा रोल वापरले त्यांना हे ठाऊक नव्हते, खोक्यावर तसे लिहिलेलेही नसे. त्यामुळे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण आता ठाऊक झाल्यावर, तरुणांत पुन्हा येऊ घातलेली रोलच्या कॅमेऱ्याची हौस आपल्या घरात येते तेव्हा तिच्याकडे या बाजूनेही पाहायला हवे.

गंमत अशी की पर्यायही कोडॅकच्याच घरात जन्मला. १९७५ साली तेथील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. चित्र ०.०१ मेगापिक्सेलचे, काळे-पांढरे, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. सेन्सर सिलिकॉनचा, त्यात जिलेटिन नाही. डिजिटल पूर्ण निर्दोष आहे असेही मी म्हणणार नाही. बॅटरीसाठी खाणी खोदल्या जातात, जुनी यंत्रे कचऱ्यात जातात, म्हणून दर दोन वर्षांनी कॅमेरा बदलण्याचा मोह टाळलेला बरा. आणि परिग्रहाचा प्रश्न आहेच. एका पारण्याची ३६ चित्रे घरातील प्रत्येकाला पाठ असत. आता ३,००० निघतात आणि आजीला दाखवायला एकही हाताशी नसते. प्रसंगानंतर आठवडाभरात चाळीस निवडून बाकीची पुसावीत.

त्या चाळीसांचा अल्बम करताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. चित्र डिजिटल कॅमेऱ्याने काढले तरी लॅबमध्ये रसायनांतून निघणारा नेहमीचा रंगीत प्रिंट आजही जिलेटिनचा थर असलेल्या कागदावरच उमटतो. इंकजेटच्या काही चकचकीत कागदांवरही तो थर असतो, काहींवर नसतो. म्हणून ‘मॅट की ग्लॉसी’ हे ठरवण्याआधी कागद कोणता, त्यावर जिलेटिन आहे का, हे लॅबवाल्याला विचारावे; त्याला माहीत नसेल तर कागदाच्या पाकिटावरचे नाव मागून उत्पादकाकडे चौकशी करावी. टोनर किंवा छपाईच्या शाईने साध्या कागदावर पुस्तकासारखा छापून मिळणारा फोटोबुक अल्बम हा तूर्त सोपा मार्ग आहे. त्याची छपाई रसायनाच्या प्रिंटहून किंचित फिकी वाटते. एक नमुना पान आधी छापून घ्यावे, खिडकीपाशी नेऊन पाहावे, आणि श्वेत वस्त्राचा काठ कागदाच्या पांढऱ्यापासून वेगळा दिसत असेल तरच पुढची पाने छापायला सांगावीत.